आंधळीचे डोळे

सही ना? करतो की. सहीला काय लागतं — पेन लागतं आणि हात लागतो, दोन्ही हायेत. फक्त हाताला शाडू हाय, तुमचा तो स्टॅम्पचा कागद बरबटंल, म्हणून म्हटलं जरा सुकू दे. मागच्या मंगळवारी आलात तेव्हा पण हात ओलाच व्हता — व्हय, खरं हाय — आणि त्याच्या आधी आलात तेव्हा मी घरी नव्हतो. म्हंजे व्हतो. माळ्यावर व्हतो. सून, ही मृणाली, खाली तुम्हाला सांगत व्हती, बाबा वडखळला गेलेत, आणि बाबा वर साच्यांच्या मागं उकिडवे बसून शिंक दाबत व्हते. अठ्ठावन्न वर्सांचा माणूस! तुम्ही पुण्याहून दोन एसट्या बदलून यायचं आणि मी शिंक दाबायची. बसा, नमिता मॅडम. त्या पाटावर नको, तो ओला हाय, स्टूल घ्या. गो मृणाली, चा टाक गो, आणि पोह्याचे दोन पापड भाज. नको कसं? पेणला येऊन पापड न खाता गेलात तर पापडवाल्या आमच्यावर केस घालतील, एक केस चाललीय ती पुरे हाय.

वाचून दाखवलंत ते कळलं मला. 'मी, पोपट धर्मा गावंड, राहणार पेण, धंदा गणपतीच्या मूर्ती रंगवणे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, मार्च १९९८ मध्ये रोहा तालुक्यातील कातळावर कोरलेल्या नऊ चित्रांचे फोटो प्राध्यापक अष्टमकर यांनी माझ्यासमोर काढले, व सदर चित्रे फोटोत दिसतात तशीच, कोणताही फेरफार न करता, जागेवर होती.' झकास लिहिलंय. 'सदर' घातलं की माझ्यासारखा माणूस पण इस्त्री केल्यासारखा दिसतो. आणि शुक्रवारी अलिबागला कलेक्टरसाहेबांपुढं सुनावणी हाय, तेही कळलं. नऊतलं एक चित्र खाणवाल्यानं सुरुंग लावून उडवलं, आठ उरलीत, त्या आठांच्या बाजूला खणायला आता तात्पुरती बंदी हाय, ती कायमची करायची तर फोटो खरे हायेत हे सांगणारा माणूस पायजे, सर तिकडं इस्रायलला लेकीकडं, गुडघा बदलायला गेलेले, म्हणून मी. दुसरं कोण नव्हतंच तिथं. मी, सर आणि तो कॅमेरा. कॅमेऱ्याला सही करता येत नाय, नायतर तुम्ही माझ्याकडं कशाला आला असता?

सरांना मी आधी ओळखत नव्हतो हो. नथानियल अष्टमकर. रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथले. बेने इस्रायल, म्हंजे आपल्या कोकणातले ज्यू — माझ्या आजोळी त्यांच्यातल्या एकांचा तेलाचा घाणा व्हता, शनवारी बंद, म्हणून आमची आजी त्यांना शनवारतेली म्हणायची. सगळी भावकी केव्हाच तिकडं गेली, हे एकटे पुण्यात कॉलेजात शिकवत राहिले, आणि रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात तर हे डोंगर हुडकायला लागले. याच स्टुलावर बसून म्हणाले मला, "पोपटराव, आमच्यात मूर्ती करायची नाही, आणि मी जन्मभर दगडातली माणसं आणि मासे शोधत फिरतोय. वर गेल्यावर काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, सांगा, पेणच्या माणसाची संगत लागली, त्याच्यामुळं बिघडलो. हसले. तेव्हा मला काय ठाऊक मी किती खरं बोलतोय.

त्यांची अडचण काय, की दगडावरची रेघ उथळ. माणसाच्या नखाला लागते, कॅमेऱ्याला लागत नाय. फोटोत नुसता काळा कातळ येतो. खडू चोळला तर रेघ झिजंल, ऑइलपेंट लावला तर जन्माचा राहील. कुणीतरी सांगितलं, पेणला जा, तिथं रंगारी हायेत. मी म्हटलं, सर, शाडू! ताकासारखा पातळ करायचा, झिरो नंबरच्या ब्रशानं रेघेत सोडायचा, पंधरा मिनटात सुकून पांढरा. काम झालं की तांब्याभर पाणी मारायचं, दगड जसाच्या तसा. सर एवढे खूश झाले की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मी एवढा खूश झालो की दिवसाची हजरीसुद्धा मागितली नाय. कुणी माझं बोलणं वहीत लिहून घेतलंय असं आयुष्यात पयल्यांदा झालं. पयली चूक ती. माणसाचं कुणी लिहून घ्यायला लागलं की त्यानं गप बसायला शिकावं. मी उलट शिकलो.

आणि तो कॅमेरा! बघितलाय ना तुम्ही, ज्याच्या पोटात फ्लॉपी जाते तो? रेचलनं पाठवलेला, सरांच्या लेकीनं. माझी समजूत, कॅमेऱ्याला रीळ लागतं. सरांनी फ्लॉपी घातली, दाबलं, आणि आतून कुर्रर-कुर्रर सुरू. मी म्हटलं, गेला, बिघडला. "नाही हो," म्हणाले, "लिहितोय." फोटो लिहितोय! एका फ्लॉपीत वीस फोटो, ती भरली की दुसरी. मला म्हणाले, "हे सगळे आकडे आहेत, पोपटराव. उद्या कुणी हा दगड फोडला तरी आकडे राहतील. आकड्यांना सुरुंग लागत नाही." खाण तेव्हा दोन शेतांवर आली व्हती. तिकडं नवी कंपनी येत व्हती, तिच्या रस्त्याला खडी पायजे व्हती ना. आम्ही इकडं ब्रश चालवतोय, तिकडं क्रशर चालतोय, मधेच धडाम आवाज यायचा, शाडूच्या वाटीत पाणी हलायचं, आणि सर घड्याळ बघायचे, जसा काय त्यांचा बॉम्ब लेट झालाय.

चार दिवस गेलो आम्ही, सरांच्या फियाटनं. शेवटच्या वाडीपर्यंत गाडी, मंग वर चढायचं. त्या वाडीतली बायजा, म्हातारी, बकऱ्या वळते, तिनंच सरांना जागा दाखवलेली. आठ चित्रं एका अंगाला — दोन मासे, पावलांच्या जोड्या, गोलात गोल, एक पक्षी, तो मोर का कोंबडा यावर सरांचं आणि माझं भांडण. आणि नववी दुसऱ्या अंगाला, खाणीकडं, एकटी. बाई. बसलेली, हात असे वर, माणसाएवढी मोठी. तोंड म्हंजे नुसता गोल, ताटाएवढा. आत काय नाय. वाडीतले तिला आंधळीच म्हणतात, आंधळी आई. चैतात नारळ देतात. शेवटच्या दिवशी ती करायला घेतली. उन्हं कलली व्हती. मी खालून वर रेघ भरत आलो, पाय झाले, पोट झालं, हात झाले, तोंडाचा गोल झाला. सर तिकडं मासे परत एकदा घ्यायला गेलेले, फ्लॉपी बदलायची व्हती. मी असा तिच्या तोंडासमोर बसलेला. हातात झिरो नंबर. ब्रशात शाडू उरलेला. आता तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या धंद्यात माणसं साचे काढतात, अंग रंगवतात, सोनेरी मारतात, पण डोळ्यांची आखणी ज्याची त्याचीच. सोळा वर्सांचा असल्यापासून मी तेच करतोय. वर्साला हजार-दीड हजार मूर्ती, एकेकीला दोन डोळे. समोर कोरं तोंड आलं की माझा हात मला विचारत नाय, तो जातो आणि —

काय? काय झालं? पापड लागला का घशात? पाणी घ्या.

कुठं काय म्हटलं मी? मी म्हटलं हात जातो. म्हंजे एरवी जातो. इथं कारखान्यात जातो. तिथं गेला असं कुठं म्हटलं? बघू तो फोटो — नाय, मला नका दाखवू, मला पाठ हाय तो. मॅडम, तुम्ही अशा बघू नका माझ्याकडं. तुम्ही वकील नाय ना, तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी ना, मंग वकिलासारख्या काय बघता?

बरं. गेला. हात गेला. झालं समाधान? पोपट नाव ठेवलं आईबापानं, बडबडून पिंजऱ्यात गेल्याबिगर नावाला जागणार कसा?

एक मिनीट लागलं असंल. दोन डोळे, एक मिनीट. मला कळलंसुद्धा नाय. काढून झाल्यावर आपण मान जरा मागं घेऊन बघतो ना, तशी मान मागं घेतली आणि म्हटलं, वा, नजर चांगली आली. वा म्हटलं हो मी! माझं मलाच! आणि मंग कळलं काय केलं ते. लगेच पुसायचं ना? ब्रश पाण्यात बुचकळला, तेवढ्यात मागून सर. चष्मा कपाळावर, कॅमेरा छातीवर. "अरे," म्हणाले. "अरे, अरे, पोपटराव, डोळे!" मी उठून उभा राहिलो. त्यांना वाटलं, रेघा आधीपासनं व्हत्या, बारीक, कुणाला दिसल्या नायत, शाडूनं दाखवल्या. "तीनदा येऊन गेलो मी," म्हणाले, "तीनदा, आणि मला दिसले नाहीत." आणि बोट पुढं केलं, रेघ चाचपायला. त्यांनी बोट लावलं असतं तर तिथंच कळलं असतं, दगड गुळगुळीत हाय, खाली खाच नाय. आणि मी म्हटलं, "सर, ओलं हाय. हात लावू नका." मॅडम, त्या चार दिवसांत मी खोटं एकच बोललो आणि ते पण खरं व्हतं. ओलंच व्हतं ते.

का नाय सांगितलं? तोंड उघडलं व्हतं. देवाशप्पत उघडलं व्हतं. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेला, खडकावर बसला आणि तिच्याकडं बघत राहिला आणि डोळे पुसत राहिला. आता खरं सांगू? खरंच सांगायला बसलोय तर सांगतो. मला बरं वाटलं. चाळीस वर्सं मी डोळे काढतोय, लोक येतात, हात जोडतात, गणपती घेतात, जातात. देवाच्या पाया पडतात, बरोबर हाय, देवाच्याच पडायचं. पण डोळ्यांकडं बघून कुणी रडलं नव्हतं कधी. माझ्या कामाकडं बघून कुणी पाणी काढलेलं मी पयल्यांदा बघितलं, आणि मी म्हटलं, अजून एक मिनीट. एवढं एक मिनीट बघू दे त्यांना, मंग सांगतो. त्या मिनटात कॅमेरा कुर्रर-कुर्रर करून मोकळा झाला. सहा फोटो लिहिले त्यानं.

आणि मंग सरांचा तो लेख! मला वाचायला पाठवलेला सरांनी, मराठीत करून. 'नेत्रांची ही शैली पश्चिमेकडून, समुद्रमार्गे आली असावी.' पश्चिमेकडून! अवो, बरोबरच हाय, पेणच्या बाजारापासून माझा कारखाना पश्चिमेलाच पडतो. बघा ना तुम्ही नीट — वरची पापणी कानाकडं ओढलेली, खाली रेघ अर्धीच सोडलेली, बुबुळाची जागा मोकळी आणि तिच्यात वर एक टिपका. हा टिपका माझ्या बापाचा, आमच्या घरचा. ही मागं फळीवर बसलीत ना चाळीस-पन्नास, त्यांच्या तोंडाकडं बघा आणि फोटोकडं बघा. पेणचं शाळेतलं पोर सांगंल कुणाचा हात हाय. पण तुम्हा विद्वान माणसांनी गणपतीकडं कधी नीट बघितलेलंच नाय, आरती येते म्हणून डोळे मिटून उभे राहता. आणि लेखाच्या शेवटी आभार! 'श्री. पोपट गावंड यांच्या तीक्ष्ण दृष्टीमुळे हे नेत्र उजेडात आले.' मी ते पान मृणालीला दाखवलं नाय. पिठाच्या डब्याखाली ठेवलं व्हतं, मंग तिथून पण काढलं.

बायजाला मात्र लगेच कळलं. आम्ही सामान आवरत व्हतो, सर खाली गाडीकडं गेलेले, ती बकऱ्या घेऊन आली आणि त्या आंधळीसमोर उभी राहिली. लिहिता येत नाय, वाचता येत नाय, लेख नाय काय नाय. माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "तू दिलंस रं हिला डोळं?" मी म्हटलं, आजी, चुकून. म्हणाली, "ही आंधळी म्हणून इतकी वर्सं एका जागी बसली व्हती. आता तिला वाट दिसंल. आता ती कशाला ऱ्हाती?" मी म्हटलं, पाणी मारा आजी, जाईल ते. तर नाय. ज्यानं दिलं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. उद्याच्या उद्या ये आणि धुऊन टाक, म्हणाली. मी म्हटलं, येतो. उद्या नाय, परवा येतो.

परवा मुंबईचं गिऱ्हाईक आलं. मंग शिमगा आला. मंग माझी पाठ धरली. पेण ते रोहा किती लांब हाय, मॅडम? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत. एक तांब्या पाणी. एवढंच काम व्हतं, आणि मी बारा दिवस ते उद्यावर टाकलं, कारण — सांगू कारण? — मला वाटायचं, राहू दे अजून जरा. नजर चांगली आलीय.

बाराव्या दिवशी सरांनी पेपरवाल्यांना सांगितलं. फोटो छापून आला, पहिल्या पानावर नाय, तिसऱ्या, पण आला. 'डोळस शिल्प, महाराष्ट्रात एकमेव.' एकमेवच हो, काय वाद नाय. बाकीच्या आठांसाठी कुठल्या पेपरानं दोन ओळी छापल्या नसत्या, मासे कोण छापतंय? डोळ्यांसाठी छापलं. आणि तो पेपर खाणवाल्यानं पण वाचला. त्याला कळलं, आता सरकार येणार, बंदी येणार, मंग येण्याआधीच उरकू. रविवारी सकाळी त्यानं त्या अंगाला सात सुरुंग लावले. बायजा म्हणते, तिला वाट दिसली म्हणून गेली. पेपर म्हणतो, खाणीनं फोडली. दोन्ही ऐका आणि दोन्हींत मी कुठं हाय ते बघा. आमचा बाप सांगायचा, आखणी शेवटाला करायची, कारण डोळे दिले की मूर्ती निघाली — गिऱ्हाईकाच्या घरी, आणि तिथून दीड दिवसानं नायतर पाच दिवसांनी पाण्यात. डोळे दिले की आपली राहत नाय ती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाय. चाळीस वर्सं मी तेच करतोय आणि मलाच ते सुचलं नाय.

सरांचा फोन आला तेव्हा मला धीर देत व्हते. मला! "दगड गेला, पोपटराव, पण ती फ्लॉपीत आहे, ती वाचली." काय वाचलं, मॅडम? तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या ना. त्या सहा फोटोंत वाचलं काय? माझे डोळे वाचले.

हळू बोला जरा. मृणाली आत हाय. तिला ठाऊक नाय. तिला काय, कुणालाच — घरात मी मोतीबिंदू सांगितलाय. दीड वर्स झालं, आखणी मी करत नाय. ही फळीवरची त्याच्या आधीची, जुनी, माझ्या हातची, विकायला काढत नाय मी. नवीन सगळी ती करते, मी शाडू मळतो. डॉक्टरकडं न्यायला निघाली व्हती मला, म्हटलं, पिकू दे अजून, पिकल्यावर काढतात. माझी नजर एकदम शाबूत हाय, मॅडम, त्या पलीकडच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर वाचून दाखवू? ब्रश घेतला की कोरं तोंड समोर येतं आणि मला भीती वाटते. बस. एवढंच हाय ते. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

काय म्हणालात?

नाय, ऐकलं मी. हळू बोललात पण कान पण शाबूत हायेत. आहे तशी सही करा, आणि हे परत कुणाला बोलू नका. व्हय ना?

कळतं मला. सगळं कळतं. खाणवाल्याचा वकील म्हणंल, एकाचे डोळे गणपतीवाल्यानं काढले तर बाकीचे मासे पण त्यानंच काढले. बंदी उठंल, आठ पण जातील. सरांना बहात्तरावं लागलंय, तिकडं पाय टांगून पडलेत, त्यांची शोभा व्हईल. बरोबर? अवो, हे तुम्ही आत्ता दोन मिनटांत सांगितलंत, मी मला रोज आंघोळीच्या वेळी सांगतो, साबणासकट. पण तुम्ही सांगितलंत तेव्हा मला राग आला. का आला राग? मी सांगतो तेव्हा ती लबाडी वाटते, आणि तुम्ही सांगितलंत तर शहाणपणा वाटायला लागला, त्याचा आला. मी म्हटलं व्हतं, ही पोरगी ऐकंल आणि माझ्या थोबाडीत देईल. आणि तुम्ही पेन पुढं करता!

त्या बाईचं काय, पोरी? तिचा दगड गेला. उरला एक फोटो, आणि त्यात पण तिचं तोंड तिचं नाय. ते मासे काढा. काढा पिशवीतून, मासे बघा. माशाला डोळा हाय का नाय? हाय, टिपका हाय, कोरलेला, बोट लावून बघितलाय मी, खड्डा लागतो. त्या मोराला — कोंबडा तो — त्याला पण हाय. मंग ज्यानं माशाला डोळा दिला तो बाईला द्यायला विसरला असंल? मी पण हजारो डोळे काढलेत, अशी विसरायची गोष्ट नाय ती. त्यानं मुद्दाम नाय दिले. का नाय दिले, ते त्याचं त्याला ठाऊक. पण ते त्याचं काम व्हतं. पेणमध्ये दुसऱ्याच्या मूर्तीला न विचारता ब्रश लावला तर बोटं मोडतात, आणि मी लावला. विचारायला तो नाय म्हणून लावला. आणि तुम्ही आता ते कम्प्युटरात घालणार, ते जगभर जाणार, शंभर वर्सांनी कुणीतरी पश्चिमेकडून का पूर्वेकडून करत बसणार, आणि तो बिचारा, ज्यानं तिला खडकावर गुडघे टेकून कोरली, त्याचं म्हणणं कायमचं पुसलेलं. सुरुंगानं नाय पुसलं ते. झिरो नंबरनं पुसलं.

अलिबागला मी येतो. स्वतः येतो, तुम्ही कागद वाचायचा नाय, मी बोलतो. एक पाटी द्या म्हणावं आणि ब्रश. साहेबांसमोर डोळा काढून दाखवतो, हा असा, टिपक्यासकट, म्हंजे कळंल माझं कुठलं. मंग वकिलाला म्हणावं, आता यांना मासा काढायला सांगा. मला मासा येत नाय, मॅडम! खाडीकाठचा माणूस, रोज मासा खातो आणि मासा काढता येत नाय. गणपतीसमोरचा उंदीर पण आमच्यात दुसरा करतो, मी केला तर घुशीसारखा दिसतो. माझ्या नालायकीचा एवढा चांगला पुरावा पडून हाय, तो वापरा की. तरी आठ गेली तर? जातील. जाऊ शकतात. मी नाय म्हणत नाय. ते पण माझ्याच डोक्यावर, ठाऊक हाय मला. पण खरी असून गेली, असं तरी असंल.

द्या तो कागद. द्या म्हणतो. हात सुकला कधीचाच.

कुठं? इथं खाली जागा हाय. 'फोटो नंबर नऊ मधील दोन डोळे मी काढले. दगडावर डोळे नव्हते. बाकी आठ चित्रांत फक्त शाडू भरला.' सदर घालायचं राहिलं, राहू दे. ही सही. आणि ही तारीख. सरांना रविवारी मी फोन करणार, तुम्ही नाय करायचा, लेकीकडचा नंबर तेवढा लिहून ठेवा त्या भिंतीवर.

कशाला डोळ्यांना पदर लावता? चा निवला तुमचा. घ्या, हा कागद आता तुमच्याकडं. शुक्रवारी न्यायचा तर न्या. फाडायचा असंल तर स्टँडवर जाऊन फाडा, माझ्यासमोर नको. उठा, मॅडम. उठा म्हटलं ना.